पहिली सही

प्रिय बंड्या,

गुडघे कुरकुरतात, साखर गोळीवर आहे. तब्येतीचा विषय संपला.

गुरुजींच्या वह्या सापडल्या. त्यांच्या सुनेनं धान काढायला ढोली सरकवली, तर मागं पत्र्याची पेटी. आत शाळेच्या जुन्या हजेरीपटांवर मागच्या बाजूनं लिहिलेलं आपलं अख्खं गाव. कोणाचं घर कोणाला लागून, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नव्हते, पोळ्याचं तोरण कोणी तोडायचं यावरून कोणाचं डोकं फुटलं, सगळं. मधेमधे पांढरीतल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतल्या, खापरांची चित्रं, मापासकट. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली खोदकाम झालं, स्तूप निघाला, तेव्हा हा माणूस सायकल हाणत रोज पाहायला जायचा, ते तुला पाठच असेल. आपल्याला किती वेळा ऐकवलं! तिथूनच त्यांना हा रोग लागला.

मुकुंदराजावर तर आख्खी एक वही आहे. विवेकसिंधु शके १११० मध्ये अंभोऱ्यालाच लिहिला गेला, वैनगंगेच्या काठी, दुसरीकडे कुठं नाही! तुझ्या लग्नात पंगतीत तुझ्या सासऱ्यांशी, अंबाजोगाईच्या माणसाशी, याच्यावरून वरण थंड होईस्तोवर भांडले होते. वहिनींनी अजून माफ केलं नसेल. मला विचारशील तर त्या दिवशी सासरे जिंकत होते, पण गुरुजींचा आवाज मोठा होता.

आता पोट्ट्यांनी ठरवलंय, गावाचं पुस्तक काढायचं. रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात जमतो. म्हाताऱ्या बायांनी फरशीवर रांगोळीनं गोसेखुर्द धरणात गेलेलं जुनं गाव काढलं. मारुतीपासून मासेमारांच्या ढिवरटोलीपर्यंत. चिंचेची जागा ठरेना, दोघींनी एकमेकींची रांगोळी पायानं पुसली. शेवटी गावात दोन चिंचा झाल्या. मजा आली बाप्पा. ढिवरटोलीतली आजी मात्र कोपऱ्यात बसून होती. तिला म्हटलं, तुमची वाडी कुठं होती ते दाखवा. तर म्हणे, "वारूतली वाडी जी आमची, पानी आलं का थे हटे, पानी गेलं का परत. तिले कोठी काढू?" टरबूज, डांगर, काकड्या, सगळं वाळूत. वाळूला सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणजे मोबदला नाही. गुरुजींच्या वहीतही त्या वाड्यांवर जेमतेम अर्धं पान. ते मला खटकलं. खापराला माप लावणाऱ्या माणसाला वाडीची माणसं मोजावीशी वाटली नाहीत. आता ती पोरगी, बी. ए.ला आहे ती, आजीकडे जाऊन बसते, मोबाइलवर बोलणं भरून घेते.

मुद्द्यावर येतो. टाळतोय, तुला कळलंच असेल.

धरणाची एक वेगळी वही आहे. २२ एप्रिल १९८८ पासून सुरू होते. राजीव गांधी पायाभरणीला आले आणि आपण ट्रकवर चढून हेलिकॉप्टर पाहायला गेलो, तो दिवस. तू घरी काय सांगून निघाला होतास आठवतं का? त्या पानावर गुरुजींनी 'खर्च ३७२ कोटी' लिहून पुढं नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. मग नोटिसा, मोर्चे, निवाडा. आणि ज्या दिवशी रक्कम वाटायला सुरुवात झाली त्या तारखेखाली, 'पहिली सही', आणि पुढं तुझ्या बाबांचं पूर्ण नाव. त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. गुरुजी हजेरीपटाच्या पाठीवर लिहिणारे, कागद उगाच सोडणारे नव्हते. त्यांना काहीतरी लिहायचं होतं, ते लिहिलं नाही.

त्या ओळींमध्ये काय यायला पाहिजे ते गुरुजींना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मला ठाऊक आहे, कारण तू पवनीच्या बसस्टँडवर सांगितलंस. तेव्हा शपथ घातली होतीस, ती पाळली. बायकोलाही बोललो नाही.

'कोणी सही करायची नाही' असं चावडीवर ओरडणारा माणूस आणि तुझ्या बाबांकडून बियाण्याचं कर्ज व्याजासकट त्याच आठवड्यात मागणारा माणूस एकच होता, हे गावाला कोण सांगणार? गावाला फक्त सही दिसली. आणि घाईत बाबांनी 'हरकत ठेवून' एवढे दोन शब्द लिहिले नाहीत. १८९४ च्या त्या कायद्यात, हरकत न नोंदवता पैसे उचलले की वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्ज करायचा हक्क जायचा. ज्यांनी नंतर सह्या केल्या, ते वकिलानं शिकवल्याप्रमाणे हरकत लिहून मोकळे झाले, कोर्टातून वाढवून घेतलं. म्हणजे सर्वांत कमी पैसा ज्याला मिळाला, त्याच्याच नावावर फितुरी. २०१३ साली ११९९ कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा पानटपरीवर लोक हिशेब करत बसले होते. तेव्हाही एक जण म्हणालाच, "पहिली सही झाली नसती तर आणखी मिळाले असते." मी उठून आलो. तू म्हणशील, भांडायला काहून नाही थांबला? थांबलो असतो, तर शपथ मोडली असती.

आता गंमत ऐक. छपाईचा खर्च वाड्यावरचा मुलगा देतोय. त्यानं ते पान वाचलं. म्हणाला, "इतिहास आहे काका, लपवायचा कशाला?" पोरगा वाईट नाही. त्याला बापाची गोष्ट माहीतच नाही, याची मला खात्री आहे. पण ती ओळ छापली आणि कारण नाही छापलं, तर तुझे बाबा कागदावरही फितूर होतात. कारण छापलं तर त्याचा बाप. आणि ती ओळ गाळली, तर पुस्तकात आपलं गाव शेवटपर्यंत एकजुटीनं लढलं असं छापून येईल, जे पोट्ट्यांना फार आवडतंय. ते तर साफ खोटं आहे.

माझं मत विचारशील तर सगळं छापावं. ओळ, कारण, हरकतीचे दोन शब्द. पण ते सांगायचा हक्क तुझा आहे. अर्धं पान लिहून दे, तुझ्या नावानं. नसेल द्यायचं तर तसं कळव, मग ती ओळही छापली जाणार नाही. वह्या सध्या माझ्या कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे. समितीनं एकदा मागितल्या, मी म्हटलं वाळवी लागलीय, औषध मारलंय.

तू मागं म्हणाला होतास, मी वाड्यावरच्यांच्या ओट्यावर चहा पितो. पितो. गावात राहायचं तर चहा कुठं तरी प्यावाच लागतो, नागपुरात राहणाऱ्याला ते कळत नाही. आणि तू बोलूच नको. तू सकाळी जे सोडतोस ते नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत येऊन आमच्या जुन्या गावावर साचतं. वरती जलपर्णी. आजीच्या नातवाचं जाळं त्यातच फसतं.

मुलीचं कॉलेज कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का रद्द? घराचं वरचं काम झालं असेल. दाताचं दाखव एकदा, टाळू नको.

टाइपिंगवाली पोरगी धरणाच्या वहीपाशी पोचलीय. तिनं विचारलं, "काका, हे कोण?" मी तिला अंभोऱ्याची पानं आधी कर म्हणून सांगितलं. मुकुंदराज महिनाभर पुरेल. त्याच्या आत लिही. फोन करशील तर रात्री कर, दिवसा रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते आणि तिथं नेहमी चारजण बसलेले असतात.

तुझा,
बाल्या