टर्की म्हणजे मोठी तंदुरी कोंबडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की पुरवण्यांमधून थर्टी फर्स्टच्या पाककृती येऊ लागतात आणि अलीकडे त्यांत कोळशावरच्या टर्कीचीही भर पडली आहे. वजन नाही, तापमान नाही. ‘खरपूस होईपर्यंत भाजा’ एवढ्यावर काम भागवलेले असते. किलोभराच्या कोंबडीला ते चालून जाते. पाच-सहा किलोंची टर्की बाहेरून खरपूस झाली तरी मांडीच्या सांध्याशी कच्चीच असते, आणि सांधा शिजेपर्यंत थांबावे तर छातीचा भुसा होतो.

म्हणून मोठा पक्षी अख्खा भाजू नये. पाठीचा कणा काढून तो सपाट उलगडावा. पोटाची पोकळी उरत नाही, मांस साधारण एका जाडीत येते आणि एरवी खाली दडणाऱ्या मांड्या आचेसमोर येतात. पाच किलोंच्या अख्ख्या टर्कीला अडीच-तीन तास लागतात. उलगडलेली १८० अंशांवर दीड ते पावणेदोन तासांत होते.

घोळ बहुतेक वेळा दुकानातच होतो. आपल्याकडे चिकनवाला सवयीने कातडी सोलतो आणि पक्षी छातीतून दुभागतो. दोन्ही आधीच बजावून थांबवावे: कातडीसकट हवी, आणि कापायचा तो फक्त कणा, दोन्ही बाजूंनी. घरच्या कात्रीने कोंबडी कापली जाते, टर्कीच्या फासळ्या नाही. हे काम सुऱ्यानेच करून घ्यावे. घरी आल्यावर आतल्या बाजूने छातीच्या हाडावरच्या कूर्चेला एक चीर द्यावी, मग कातडी वर येईल असा पक्षी उलटवून दोन्ही तळहातांनी दाबावे. कट् असा आवाज आला की तो सपाट बसतो. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. गोठवलेली आणली असेल तर पाच किलोंना फ्रिजमध्ये दोन-अडीच दिवस द्यावेत.

दही-तिखटाचे मॅरिनेशन इथे नको. ओली कातडी कुरकुरीत होत नाही, रबरासारखी चिवट राहते, आणि वरचे तिखट करपून कडू होते. छातीला चिरा पाडणेही नको, रस गळून जातो. पाच किलोंना ५० ग्रॅम मीठ पुरते. त्यात दोन चमचे काळा मसाला मिसळून निम्म्याहून अधिक मिश्रण कातडीखाली बोटांनी सरकवावे, बाकी आतल्या बाजूला चोळावे. मग परातीत, न झाकता, फ्रिजमध्ये रात्रभर. (एक कप्पा पूर्ण रिकामा करावा लागतो, घरात आधी सांगून ठेवलेले बरे.) भाजण्याआधी कातडीवर फक्त तेलाचा हात.

उलगडलेली टर्की लहान ग्रिलवर मावली तरी आच बाजूला ठेवायला जागा उरत नाही. त्यापेक्षा २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम उभा चिरून, बिजागरीचे झाकण लावून घेतलेला बरा. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे असे काम करून मिळते. रसायनाचा ड्रम घेऊ नये आणि जाळी जस्ताचा मुलामा दिलेली नसावी, तापल्यावर तिचा धूर विषारी असतो.

कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचा; दगडी कोळसा चुकूनही नाही. पेटवायला रॉकेल नको, वास मांसात उतरतो. भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यात खाली कागद, वर दोन किलो कोळसा. वीस-पंचवीस मिनिटांत राखेचा पांढरा थर येतो. सगळे निखारे ड्रमच्या एकाच टोकाला लोटावेत. दुसऱ्या टोकाला जाळीखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, नाहीतर चरबी ठिबकून भडका उडतो आणि काजळी धरते. टर्की भांड्याच्या वर, कातडी वरच्या अंगाला, तंगड्या निखाऱ्यांकडे, छाती लांब. झाकणाचे भोक निखाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला असले की गरम हवा पक्ष्यावरून जाते. दर अर्ध्या तासाला पेटते निखारे अर्धा किलो घालावेत. निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत उघड्या मळ्यावर यापेक्षा जास्त कोळसा जातो. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघणाऱ्याची टर्की अर्धा तास उशिरा होते, हेही खरे.

धुरासाठी द्राक्षाच्या काड्या वापरण्याचा मोह नाशिककरांना होणारच. ऑक्टोबर छाटणीच्या काड्या टाळाव्यात, त्यांच्यावर पावसाळाभर फवारण्या झालेल्या असतात. जुनी बाग काढली असेल तर वर्षभर वाळलेल्या खोडाचे, साल तासलेले मुठीएवढे दोन तुकडे पुरेत.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नये. हाडाजवळ गुलाबी दिसणारे मांसही शिजलेले असू शकते. टोकदार थर्मामीटर पाचशे-हजार रुपयांच्या आत मिळतो. तो हाडाला न टेकवता छातीच्या जाड भागात खुपसावा. ७१-७२ अंश आणि मांडीत ८० दिसले की उतरवावी. वीस मिनिटे नुसती ठेवली की आतल्या उष्णतेने छाती ७४ पर्यंत चढते, आणि चढली याची खात्री करूनच सुरी लावावी. फॉइलने गच्च झाकू नये, कातडी वाफेने मऊ पडते.

काढलेला कणा आणि मानेचा तुकडा मात्र फेकू नये. टर्की ग्रिलवर चढते तेव्हाच तो मंद आचेवर उकळत ठेवावा. दोन तासांत काळ्या रश्श्याचे पाणी तयार असते.

आपला एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक