मनीला शेतावर सोडू नकोस

डोंबिवली,
१६ नोव्हेंबर

प्रिय अव्या,

परवा फोन ठेवता ठेवता तू जे बोललास ते डोक्यातून जाईना, म्हणून कागद घेऊन बसलोय. "मनीच्या मुतण्याने गादी गेली, सोफा गेला, आता रविवारी तिला शेतावर सोडून येतो." अरे, बारा वर्षांची मांजर ती. सांगलीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली कधी उतरली नाही. शेतावर ती काय खाणार? आणि तिथली कुत्री तिला ठेवतील? हे तेव्हाच ओठांवर आलं होतं, पण मागून वहिनींचा आवाज येत होता म्हणून गिळलं. आता सविस्तर सांगतो. आमच्या घरचं एक प्रकरण तुला कधी बोललो नव्हतो, कारण त्यात माझीच अब्रू जाते.

जूनमध्ये आई चिपळूणहून आली, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. हॉलमधला दिवाण तिला दिला. येताना तिने आजीच्या लुगड्यांची गोधडी आणली होती. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माळ्यावर होती म्हणून वाचलेली. ती अंगावर नसेल तर आईला झोप लागत नाही.

जुलैच्या मध्यावर आई रोज पहाटे उठून काहीतरी धुवायला लागली. गुडघ्याला टाके, हातात वॉकर, आणि ही बाई बादलीत गोधडी बुडवते आहे. विचारलं तर म्हणाली, "घामाचा वास येतो रे." मुंबईकडच्या हवेला घाम येतोच, म्हणून मी पुढे विचारलं नाही. चौथ्या दिवशी आम्ही चहा पीत असताना आमचा बोका, बंडू, दिवाणावर चढला, गोधडी दोनदा उकरली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत तिच्यावर बसला. मी ओरडलो. आई मात्र हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "हाच होय! मला वाटलं मीच."

कळलं तुला? चार दिवस तिला वाटत होतं, की वयामुळे आपलाच ताबा सुटलाय. वास उग्र होता, पण तो ऑपरेशननंतरच्या गोळ्यांमुळे असेल अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आम्हाला कळू नये म्हणून पहाटे धुणं.

पण ते हसू दुपारपर्यंतच टिकलं. संध्याकाळी ती सुनेला, शुभाला, म्हणाली, "त्याला मी इथे नकोय गं. मुकं जनावर, बोलता येत नाही म्हणून असं सांगतंय." शेजारच्या काकांनी त्यात भर घातली: मांजर डूख धरतं. मलाही ते पटलं. मी काय केलं असेल? बंडूची मान धरली आणि त्याचं नाक गोधडीवर घासलं. लहानपणी आमच्याकडे असंच करायचे. त्यानंतर दोन दिवस तो दिवाणाखालून बाहेर आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी शुभाच्या ओढणीवर मुतला. मग मी फिनाईल आणलं आणि सकाळ-संध्याकाळ हॉल पुसायला लागलो.

शनिवारी रात्री तो त्याच्या लघवीच्या ट्रेमध्ये बसला, उठला, परत बसला. मग वॉशबेसिनमध्ये जाऊन बसला. बारीक आवाजात रडत होता आणि मधूनच खालचं चाटत होता. मला वाटलं बद्धकोष्ठ असेल, उद्या एरंडेल देऊ. शुभाने बेसिन नीट पाहिलं. पांढऱ्यावर दोन थेंब होते, गुलाबी.

रात्रभर जागून सकाळी डॉक्टरकडे. त्यांनी आधी पोट चाचपलं आणि मगच माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मूत्राशय मोसंब्यासारखं टणक लागलं असतं तर आत्ता आपण गप्पा मारत नसतो." अव्या, हे मला माहीतच नव्हतं. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ तिच्यात अडकला की लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आणि बाहेरून दिसतं ते नेमकं कुंथणं, म्हणून माझ्यासारखे शहाणे एरंडेलाची बाटली शोधत बसतात. बंडूची नळी मोकळी होती. सोनोग्राफी झाली, लघवी तपासली. तिच्यात रक्त निघालं, जंतू नाहीत. तरुण मांजरात जंतूंची लागण तशी कमीच असते म्हणे. मूत्राशयाला आतून सूज येते, ती का येते ते धड सांगता येत नाही, पण मांजराच्या मनावर ताण आला की ती बळावते. आणि एकदा ट्रेमध्ये बसल्यावर दुखलं, की मांजर ट्रेलाच दोष देतं. मग मऊ जागा शोधतं. म्हणून गोधडी. आईचा त्यात काही संबंध नव्हता.

निदान तसा नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, ट्रे कुठे असतो? मी म्हटलं, आधी बाल्कनीत होता, पावसाची झड यायला लागली म्हणून बाथरूममध्ये नेला. बाथरूममध्ये कुठे? वॉशिंग मशीनच्या बाजूला. मशीन कधी लावता? रात्री. ट्रेमध्ये वाळूसारखं घालता ते लिटर तेच का? नाही, बाथरूममध्ये वास कोंडायला लागला म्हणून लव्हेंडरवालं आणलं. आणि दार उघडं असतं ना? इथे शुभाने माझ्याकडे पाहिलं. आईला चिपळूणची सवय, न्हाणीचं दार लावल्याशिवाय ती बाहेर येत नाही. म्हणजे महिनाभर बंडू रात्र रात्र बंद दारासमोर बसून होता. दार उघडं मिळालं तर आत मशीन धडधडत होतं, आणि खाली नाकात जाणारा अत्तराचा भपका. त्याचं नाक आपल्यासारखं थोडंच आहे.

डूख म्हणे! आपण माणसं स्वतःला फारच महत्त्वाची समजतो बघ. तो कुणाचा राग काढत नव्हता. त्याला लागली होती आणि जागा नव्हती.

फिनाईलचं ऐकून मात्र डॉक्टर चिडले. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून ते चालतं, मग पंजे चाटतं, म्हणजे विष थेट पोटात. तुझ्याकडे काळं फिनाईल असेल तर आजच बंद कर. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नकोस, मांजर मरतं त्याने. अमोनियावाले क्लीनरही नकोत, त्यांचा वास त्याला लघवीसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं. ते शिंपडून पुसून टाकायचं नसतं, चांगलं भिजवून मुरू द्यायचं असतं. आपल्या नाकाला वास गेला तरी त्याच्या नाकाला तो येत राहतो, हे लक्षात ठेव. मी गोधडी तीनदा त्यात भिजवली. तुझ्या सोफ्याचा स्पंज आतपर्यंत प्यायला असेल, तो मात्र बदलावाच लागेल, खोटं कशाला बोलू.

मग घरात फेरबदल झाले. ट्रे दोन केले, कारण जितकी मांजरं त्याहून एक जास्त असा हिशेब असतो. एक शोकेसशेजारी, एक बेडरूममध्ये. शुभाने आठ दिवस नाक मुरडलं. झाकणाचा डबा काढून टाकला आणि बाजारातून मोठी उथळ पाटी आणली, कारण ट्रे मांजराच्या दीडपट लांब हवा, फिरून बसता आलं पाहिजे. आमचा जुना ट्रे बंडू पिल्लू असतानाचा होता, तीन वर्षांत तो दुप्पट झाला हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. लिटर परत साधं, बिनवासाचं, बेन्टोनाइट मातीचं. खाण्यात सुक्या दाण्यांबरोबर पातळ खाणं सुरू केलं, कारण मांजर मुळातच पाणी कमी पितं. वाळवंटातल्या रानमांजरांची जात ती, तिची लघवी घट्टच असते. पोटात पाणी गेलं की ती पातळ होते आणि आग कमी होते.

तरी चार-पाच दिवस तो पाटीजवळ जायचा, वास घ्यायचा आणि परत फिरायचा. तेव्हा आई दिवाणावरून म्हणाली, "त्याला माती द्या की. आमची मांजरं परसातल्या मातीत नाहीतर चुलीतल्या राखेत जायची, त्यांना कुणी शिकवलं होतं?" मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चालेल, पण बाहेरच्या मातीत जंत असतात, तापवून घ्या. मग काय, सोसायटीच्या बागेतली दोन ओंजळी माती आईने खुर्चीत बसून लोखंडी कढईत खरपूस भाजली, रव्यासारखी हलवत. शुभाने ती कढई नंतर भांड्यात घेतली नाही ते सोड. माती गार करून लिटरवर पसरली. बंडूने हुंगली, उकरली आणि बसला. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. उठल्यावर त्याने नीट झाकलंही. आईने टाळी वाजवायला हात उचलले होते, शुभाने धरले.

सवय पूर्ण बसायला तीनेक आठवडे लागले. गणपतीत पाहुणे आणि ढोल, तेव्हा एकदा पायपुसण्यावर झालं. मी नाक घासलं नाही. पायपुसणं टाकलं आणि बेडरूमचं दार त्याच्यासाठी मोकळं ठेवलं.

आता तुझी मनी. ती बोका नाही, त्यामुळे तुंबण्याची भीती बरीच कमी. पण वय बारा. तेव्हा आधी एवढं बघ: थारोळं मोठं असतं की थेंब थेंब? पाण्याचं भांडं हल्ली लवकर रिकामं होतं का? होत असेल तर मूत्रपिंड, साखर, थायरॉइड, यांपैकी काहीतरी असू शकतं. रक्त आणि लघवी तपासून घे. आणि दुसरं मला आईकडे बघून सुचलं. ऑपरेशनच्या आधी तिला बाथरूमचा चार इंचांचा उंबरा ओलांडताना घाम फुटायचा. मनीचा तो निळा उंच ट्रे मला आठवतो. म्हाताऱ्या मांजराचेही सांधे दुखतात रे, फक्त ते लंगडत नाही, उड्या मारणं गुपचूप बंद करतं. ती खिडकीत चढते का अजून? नसेल चढत तर ट्रेची एक बाजू कापून तीन बोटं उंच ठेव, कडा घासून घे. आणि ती झोपते त्याच खोलीत ठेव. वहिनींना सांग, महिनाभर चालवून घ्या; पाहुणे आले तर त्यांना मी येऊन समजावतो.

आई दसऱ्यानंतर चिपळूणला परत गेली. गोधडी ठेवून गेली, म्हणाली, त्याला लागते. रोज रात्री नऊला फोन येतो. माझं ब्लडप्रेशर, शुभाची शाळा, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, "बंडूला झाली का?"

रविवारी शेतावर जायचं ठरलंच असेल तर जा, पण एकटा जा. येताना ओढ्याकाठची रेताड माती पिशवीभर आण, काळी नको, ती चिकटते. भाजायला कढई मात्र वहिनींना विचारून घे.

तुझा,
नंदू