मंत्रिमहोदय, बाळाचं वजन झालं. आता आईलाही विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणारं नैराश्य, आणि माझ्या कार्डावर नसलेला एक रकाना

मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी, जनता वसाहतीत लहानाची मोठी झाले. आता एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ती झाली तेव्हा मी आईकडे होते आणि आमच्या वस्तीच्या आशाताई ठरल्याप्रमाणे सहा वेळा घरी आल्या. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या. ऊन असो, पाऊस असो, त्यांनी एक फेरी चुकवली नाही. हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे ती त्यांच्याबद्दलची तक्रार नाही.

त्यांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा असायचा. बाळाला झोळीत ठेवायचं, काटा उचलून डोळ्यांसमोर धरायचा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत खोलीतल्या सगळ्यांनी गप्प राहायचं. मग ताप, नाळ, डोळे, अंगावरचे फोड. माझीही चौकशी व्हायची. दिवसातून किती वेळा पोटभर जेवता? पॅड किती बदलावे लागतात? अंगावरून जातं त्याला वास येतो का? दूध पुरतं का? आई असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का, हेसुद्धा त्यांच्या फॉर्मवर आहे. मी असंबद्ध बोलत नव्हते, कारण मी फारसं बोलतच नव्हते. त्यामुळे तिथे ‘नाही’ लिहिलं गेलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाळाचं वजन हवं तेवढं वाढलेलं नव्हतं. आशाताईंनी काटा दोनदा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, “वरचेवर पाजत जा गं.” मी मान हलवली. बाळ रडायला लागलं की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे. तिला जवळ घ्यायचं तर आधी स्वतःला दहा वेळा समजवावं लागायचं. हे कुणाला कसं सांगणार? वजनकाट्यावर ते दिसत होतं, पण तो काटा बाळाचा होता.

खरं तर याची सुरुवात बाळंतपणाच्या खूप आधी झाली होती. सहाव्या महिन्यात माझी झोप गेली. शाळेत फळ्याकडे तोंड करून मी उगाच उभी राहायचे. घरात सगळे म्हणायचे, हिचे डोहाळे कडक आहेत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं हौसेनं. पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, माझ्या हाताला बर्फी लागली. एक काकू पटकन म्हणाल्या, “असू दे, पहिली बेटी धनाची पेटी.” त्या ‘असू दे’चं काय करायचं ते मला कळेना. बायका गाणी म्हणत होत्या आणि मी मोरीचं दार लावून, पदर तोंडात धरून रडत होते. बाहेर आल्यावर डोळे पाहून आईनं माझी दृष्ट काढली.

आईला मी दोष देत नाही. तिनं पत्र्याच्या खोलीत, भर उन्हाळ्यात मला शेक दिला, धुरी दिली, डिंकाचे लाडू वळले, अळिवाची खीर केली, मालिशवाल्या मावशींचे पैसे स्वतःच्या पोळ्या लाटायच्या कामातून भरले. बाळंतिणीसाठी आपल्याकडे जे जे करायचं असतं ते सगळं तिनं केलं. फक्त मी रडायला लागले की ती घाबरायची. “रडू नकोस, दूध आटेल.” तिच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं. मग मी रडायचं बंद केलं. त्यानंतरचे दिवस जास्त वाईट गेले. वस्तीच्या खालून कालवा वाहतो. कालव्याकडचा रस्ता मी टाळायला लागले आणि दुकानातही एकटी जाईनाशी झाले. का, ते कुणाला सांगितलं नाही. नवरा चाकणच्या कंपनीत रात्रपाळी करून रविवारी यायचा, बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायचा. त्यालाही सांगितलं नाही.

ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथे तपासणीला गेल्यावर धीर करून म्हटलं, मला काहीच बरं वाटत नाही. उत्तर आलं, “सगळ्याच बायकांना होतं. बाळाकडे बघा, विसरून जाल.” इथे एक फरक सांगते, तो मला फार उशिरा कळला. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, मन हळवं होणं हे खरोखरच बऱ्याच जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही जे ओसरत नाही, वाढतच जातं, तो आजार असतो. त्याला उपचार आहेत. माझे तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते.

मला वाचवलं ते एका प्रश्नानं. दहाव्या आठवड्याच्या लसीला गेले होते. रांग मोठी, बाळं रडतायत, पंखा नुसता आवाज करतोय. लस टोचणाऱ्या सिस्टरांनी बाळाच्या मांडीवर कापूस दाबला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?” एवढंच. मी तिथेच रडायला लागले. त्यांनी रांग दुसऱ्या सिस्टरांकडे वळवली, मला स्टुलावर बसवलं, बाळ आईकडे दिलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. नंतर केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मानसोपचार ओपीडीचा वार आणि खोली नंबर लिहून दिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला तरी असाच थकवा आणि उदासी येते. मग गोळी सुरू केली. दूध तोडावं लागेल या भीतीनं आई रडवेली झाली होती. डॉक्टरांनी तिला समोर बसवून समजावलं की अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत, त्यांतलं बाळाकडे फार थोडं जातं, आणि आजार तसाच अंगावर काढण्यात दोघींचंही जास्त नुकसान आहे. चौथ्या आठवड्यात एका सकाळी मला चहातल्या आल्याचा वास आला. कितीतरी महिन्यांनी कशाचा तरी वास आला होता. त्या दिवशी मी मुलीला स्वतःहून उचलून घेतलं.

मंत्रिमहोदय, हे माझं एकटीचं असतं तर मी आपल्याला लिहिलं नसतं. भारतातल्या 38 अभ्यासांतल्या 20,000हून अधिक मातांची माहिती एकत्र करून 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक लेख आला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण त्यात 22 टक्के निघालं. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. आपल्या शेजारच्या गोव्यातला 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही जवळपास हेच सांगतो, आणि वर आणखी एक गोष्ट सांगतो : त्यातल्या बहुतेकींचा त्रास पोटुशी असतानाच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याचा जाच आणि मुलगी झाल्याची नाराजी यांनी तो वाढत होता. त्याच मातांच्या बाळांची वाढ सहाव्या महिन्यात मागे पडलेली दिसली. अठ्ठाविसाव्या दिवशीचा तो काटा मला हे वाचताना आठवला. कुपोषणावर आपलं सरकार इतका खर्च करतं; त्या बाळाला जवळ घेणारे हात गार पडलेत का, हेही पाहायला हवं ना?

आणि हे काम मोठ्या डॉक्टरांवाचून अडतं असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्य सेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन गरोदर, उदास बायकांच्या घरी बोलायला पाठवलं. 2008 साली त्याचा निकाल आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, ज्यांच्याशी अशा बोलण्याच्या बैठका झाल्या त्यांच्यात 23 टक्के बायका नैराश्यात होत्या. नेहमीच्याच भेटी मिळालेल्यांत 53 टक्के. आपल्याला तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धतच मुळात गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली. सगळ्या देशानं ती उचलली. माझ्या आईच्या दारात तो झोळीचा काटा आला तो तिथूनच. ज्या महाराष्ट्रानं हे करून दाखवलं, त्याला त्या फॉर्मवर आणखी दोन ओळी घालणं जड जाऊ नये.

त्या दोन ओळी काय असाव्यात, हेही तज्ज्ञांनी कधीच ठरवून ठेवलंय. गेल्या महिन्याभरात मन सारखं उदास, निराश वाटतं का? पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात आता मन लागेनासं झालंय का? दोन्हींतलं एकही उत्तर ‘हो’ आलं, तर बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला 10 प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली आहे, 1987 पासून जगभर वापरात असलेली. तिचा दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचाराबद्दल आहे. तो मला कुणी विचारला असता तर मी खोटं बोलले नसते.

माझं मागणं एवढंच आहे की गरोदर बाईच्या कार्डावर वजन, बीपी, हिमोग्लोबिन लिहितात त्याच पानावर मनाचाही रकाना असावा. गरोदरपणाच्या तपासण्यांना, आशाताईंच्या फेऱ्यांना आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसींना तो भरला जावा. सासू समोर बसलेली असताना कुणी खरं सांगत नाही, म्हणून हा प्रश्न एकांतात विचारावा, ही सूचनाही त्यात लिहिलेली असावी. आणि ‘हो’ लिहिल्यावर पुढे कुणाकडे पाठवायचं, त्या ओपीडीचं नाव आणि वार आशाताईंच्या हातात छापील असावा. नुसतं विचारून सोडून देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे.

आशाताईंबद्दल एक गोष्ट राहिली. पुढे त्या भेटल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, “फॉर्मवर असतं तर विचारलं असतं गं.” एका बाळाच्या या सगळ्या फेऱ्यांमागे त्यांना 250 रुपये ठरलेले आहेत. तेवढ्याच पैशांत हेही काम टाकू नका. प्रशिक्षण द्या, वेगळा मोबदला द्या. आणि दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून घरी जाणाऱ्या त्या बाईशी बोलायलाही कुणी असू द्या.

काही जणींचा आजार माझ्यापेक्षा फार गंभीर असतो. हजारात एक-दोघींना बाळंतपणानंतर भ्रम होतो, आवाज ऐकू येतात, आणि त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 21वं कलम सांगतं की उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये. या कायद्याच्या मसुद्याला आपल्या पुण्यातल्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या अभ्यासकांचा हातभार लागला, याचा मला अभिमान वाटतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ एकत्र राहून उपचार घेतात, असा कक्ष आहे. ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या तज्ज्ञांची जोड घेऊन, तसा स्वतंत्र कक्ष उभा करा. चार खाटांपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ.

हे पत्र वाचणाऱ्या एखादीला आत्ता, या क्षणी, तसं वाटत असेल तर तिच्यासाठी : बाई गं, तू वाईट आई नाहीस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या माणसांनो, बारशाला बाळासाठी झबली आणाल तेव्हा बाळंतिणीजवळ थोडा वेळ बसा. तिची एक रात्र तुम्ही जागा.

मंत्रिमहोदय, दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते. डॉक्टर असतात, कार्डं हातात असतात, बायका बाकांवर नंबराची वाट बघत बसलेल्या असतात. नवी कार्डं छापून यायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोवर जुन्याच कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत हे दोन प्रश्न पेनानं लिहिता येतील. पुढच्या 9 तारखेपासून लिहिता येतील.

आपली,
जनता वसाहतीतली एक आई, शिक्षिका
पर्वती पायथा, पुणे