साखर देण्याआधीच्या त्या दोन मिनिटांसाठी

नवजात अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना,

सप्रेम नमस्कार.

रिपोर्टवर सही आमची असते, पण जन्मजात ग्रोथ हॉर्मोनच्या कमतरतेचं निदान वेळेत होतं ते बहुतेकदा तुमच्यामुळे. त्याबद्दल मनापासून आभार.

अशी कमतरता असलेलं बाळ खुजं जन्मत नाही. पोटातली वाढ मुख्यतः इन्सुलिन आणि त्याच्या भाईबंदांवर चालते, त्यामुळे जन्माचं वजन आणि लांबी जवळपास ठीकच असते. उंचीची वाट बघत बसलं तर अख्खं वर्ष हातचं जातं. आधी बोलते ती साखर, दूध नीट चालू असूनही पुन्हा पुन्हा घसरणारी.

पहाटे तीनला टाचेच्या थेंबावर ग्लुकोमीटर 38 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे कमी) दाखवतो. हात डेक्स्ट्रोजकडे, म्हणजे शिरेतून द्यायच्या साखरेकडे, जाणं साहजिक. तुम्ही आधी शिरेतून 2-3 मिली रक्त घेता: राखाडी झाकणाच्या नळीत ग्लुकोज, बाकीच्यांत ग्रोथ हॉर्मोन, कॉर्टिसॉल (ताणाचं हॉर्मोन), इन्सुलिन, कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ). मग लगेच 10 टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे 2 मिली. (बाळाला झटका आला असेल किंवा शीर सापडत नसेल तर साखर आधी, हेही नव्या डॉक्टरांना तुम्हीच सांगता.) साखर दिल्यावर घेतलेल्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं दिसतं आणि तपास भलत्याच दिशेला जातो. जोरात ओढून रक्तातल्या पेशी फुटल्या, तर तेच इन्सुलिन खोटं कमी येतं. साखर खाली असताना ग्रोथ हॉर्मोनही मिलीमागे 5 नॅनोग्रॅमच्या आत आणि सोबत पिट्युटरीचं (ग्रोथ हॉर्मोन बनवणाऱ्या, मेंदूखालच्या ग्रंथीचं) दुसरं एखादं हॉर्मोन कमी, एवढं पुरतं. तान्ह्याला उत्तेजक चाचणीचा (औषध देऊन ग्रोथ हॉर्मोन वाढतं का ते बघण्याचा) छळ नको.

मुलाचं शिश्न ताणून, पट्टी हाडापर्यंत दाबून मोजणं आणि 2.5 सेंमीहून कमी असेल तर या कमतरतेची खूण म्हणून तशी नोंद करणं हेही तुमचंच काम. मुलींत ही खूण नसते, म्हणून त्यांची लांबलेली कावीळ, तीही एक खूणच, जास्त जपून बघावी लागते. फक्त टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) नॉर्मल आला म्हणून थायरॉईड सुटत नाही, फ्री टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन) हवाच. आणि कॉर्टिसॉल कमी असेल तर थायरॉक्सिनच्या (थायरॉईडच्या औषधाच्या) आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं औषध), हा क्रम चुकला की बाळ कोसळतं.

घरी जाताना आईला ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन शिकवता तुम्हीच. 4 किलोच्या बाळाला किलोमागे 25 मायक्रोग्रॅम धरले तर रोज रात्री 0.1 मिलिग्रॅम. औषध फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, पण फ्रीजरला चिकटवून नाही, कारण गोठलं की वाया गेलं.

एक विनंती मात्र आहे. नळीवर वेळेशेजारी ‘साखरेआधी’ एवढा एक शब्द लिहाल का? आमचा निम्मा फोनाफोनीचा वेळ तेवढंच विचारण्यात जातो.

आपले,
बाल हॉर्मोन विभागातले सहकारी