बंदी उठली, जबाबदारी उठली नाही

महोदय,

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीनंतर यांत्रिक नौका कायद्याने मोकळ्या होतात. मात्र नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही आमच्या किनाऱ्यावरील रीत १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याहून कितीतरी जुनी आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या बंदरावरील लिलावात तळहातापेक्षाही लहान पापलेटांनी भरलेली टोपली पाहिली. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेल्या पापलेटाची ती पिल्लेच होती. विचारले, तर उत्तर मिळाले, ‘बंदी उठली आहे.’ तारीख पाळली, हे खरेच. पण एकदाही अंडी न घातलेला मासा उचलणे मला अन्यायाचेच वाटते. मच्छीमार सोसायट्यांनी अशी टोपली लिलावातच नाकारावी आणि आम्हा गिऱ्हाइकांनीही ती घेऊ नये. त्यासाठी दंडाची वाट पाहू नये.

– एक वाचक, दापोली