मागच्या दाराविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी मोठ्या कौतुकाने सांगितले, की एका वाहिनीचे म्हणून दोन मुलगे घरी आले होते, त्यांनी माझ्या ढाली आणि पदके मोबाईलवर टिपून घेतली, माजघरापासून परसदारापर्यंत सगळे घर पाहिले आणि आईच्या हातचे पोहे खाऊन ते गेले. त्यांच्याजवळ ओळखपत्र होते का, असे मी विचारल्यावर बाबा थोडे नाराज झाले. ते मुलगे बहुधा खरोखरच वार्ताहर असतील. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि फोनवर हे बोलणे नीट होत नाही म्हणून पत्र लिहीत आहे.

लिलावात माझ्यावर किती रुपयांची बोली लागली ते वर्तमानपत्रात आकड्यासह छापून आले, आणि बाबांनी ते कात्रण चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावले. कोणत्या तारखेला, कोणत्या शहरात, किती वाजता मी मैदानावर असणार हेही आधीच जाहीर झालेले असते. इतर नोकरदारांची मिळकत आणि त्यांची घराबाहेर असण्याची वेळ अशी चव्हाट्यावर मांडलेली नसते. चोराला एरवी जे हुडकावे लागते, ते आम्हा खेळाडूंच्या बाबतीत त्याला बसल्या जागी मिळते.

ही भीती मी मनाने रचलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक माहोम्स आणि ट्रॅव्हिस केल्सी या कॅन्सस सिटीच्या दोन अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची घरे लागोपाठ फोडली गेली. केल्सीचा संघ मैदानात उतरला होता त्याच रात्री त्याच्या घरातून २०,००० डॉलर रोख नेले, आणि मागच्या दाराची मोडतोड झालेली आढळली. पुढच्याच महिन्यात तिथल्या लीगने खेळाडूंना लेखी सावध केले, की या टोळ्या आधी टेहळणी करतात, पार्सल द्यायला किंवा बागेच्या कामाला आल्याचे भासवतात. हे वाचल्यापासून आपले परसदार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच ऑक्टोबरात बेन स्टोक्स पाकिस्तानात कसोटी मालिका खेळत असताना इंग्लंडमधल्या त्याच्या घरात तोंड झाकलेली माणसे शिरली. त्याची पत्नी आणि दोन लहान मुले घरातच होती. त्यांना इजा झाली नाही, पण दागिने गेले आणि ओबीई हे सन्मानपदकही गेले.

मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ती जॉन ओबी मिकेलची हकिकत. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्धच्या सामन्याला काही तास उरले असताना नायजेरियाच्या या कर्णधाराला कळले, की त्याच्या वडिलांना पळवून नेले आहे आणि कोणाला सांगितले तर त्यांना ठार मारतील. तो कोणापाशी एक शब्द बोलला नाही आणि सामना खेळला. वडील काही दिवसांनी सुटले. २०११ मध्येही त्यांच्यावर हीच वेळ आली होती. तेव्हा इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाकडून खेळणाऱ्या फुटबॉलपटू लुईस दियासच्या आई-वडिलांना ऑक्टोबर २०२३ मध्ये कोलंबियातल्या त्यांच्या गावी बंदूकधाऱ्यांनी पळवले. आई काही तासांत सुटली, वडिलांना मात्र १२ दिवस डांबून ठेवले होते. माझ्याभोवती संघाचा पहारा असतो, हॉटेलात अनोळखी माणूस माझ्या मजल्यावरही येऊ शकत नाही. तुम्ही मात्र त्याच घरात, त्याच विश्वासाने राहता, आणि पैसा माझ्या नावावर आला तरी त्याचा धोका तुमच्या दाराशी येतो.

बाबा, आपल्या घरातून कोणी पाण्याशिवाय परत गेले नाही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ते बंद करा असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणूस आला तर त्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या, आणि मला किंवा संघाच्या व्यवस्थापकांना फोन करून खात्री होईपर्यंत आत नेऊ नका. कात्रण आतल्या खोलीत लावा. ‘लेकीचा सामना पाहायला निघालो, घर चार दिवस बंद’ असे व्हॉट्सॲपच्या गटावर लिहू नका. जे कौतुक सांगायचे ते परत आल्यावर सांगा. आई, तुझ्या पाटल्या आणि मी केलेला हार बँकेच्या लॉकरमध्ये ठेव, लग्नकार्यापुरते काढत जा.

एवढे करूनही कोणी घरात शिरलेच, तर मागतील ते देऊन टाका. जून २०२४ मध्ये इटलीत माजी फुटबॉलपटू रॉबेर्तो बाज्जो कुटुंबासह घरी सामना पाहत असताना हत्यारबंद टोळी घुसली. त्याने प्रतिकार केला तेव्हा त्याच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता मारला. बाबा, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हात जोडून सांगते, माझ्या एकाही पदकासाठी तुम्ही कोणाच्या आडवे जाऊ नका. चोर गेल्यावर ११२ ला फोन करा, मग मला.

शनिवारी परसदाराला लोखंडी जाळी बसवायला कारागीर येईल. त्याचे नाव आणि फोटो मी आदल्या दिवशी पाठवीन, तोच माणूस असेल तरच दार उघडा. आणि आई, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवलेली ती किल्ली हे पत्र वाचून होताच काढून घे.

तुमची,
मनू