गांडुळांना जेवढं पचेल तेवढंच द्या

संपादक महोदय,

गांडूळखत करणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, हे चांगलंच आहे. पण कल्चर, म्हणजे खतासाठी विकत मिळणारी जिवंत गांडुळं, आणलं आणि महिन्याभरात ती मेली, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं. पहिल्या दिवसापासून घरातला सगळा ओला कचरा त्यांच्यावर ओतला जातो.

अर्धा किलो गांडुळं रुळल्यावर दिवसाला जेमतेम पाव किलो कचरा खातात. पहिले दोन आठवडे रोज शंभर ग्रॅमच द्यावा. जास्त टाकलेला कचरा कुजून तापतो आणि ३५ अंशांच्या वर गांडुळं तग धरत नाहीत. ताज्या शेणानंही हेच होतं, म्हणून शेण १५-२० दिवसांचं, पूर्ण निवलेलं हवं.

गांडुळं कुजता कचरा खाणाऱ्या आयसेनिया फेटिडा जातीचीच घ्यावीत. पावसात अंगणात दिसणारी गांडुळं माती खाऊन जगणारी असतात, ती टोपलीत टिकत नाहीत. भांडं खोल नको, पसरट हवं, कारण ती वरच्या थरातच खातात. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच क्रेट पुरतो. तळाला भोकं, वर नारळाच्या शेंड्या, वाळका पाला आणि जुनं शेण यांची सहा इंच गादी. देठं, सालं, चहाचा धुतलेला चोथा बारीक करून गादीत पुरावा, उघडा ठेवला की चिलटं होतात. फोडणीची भाजी, लोणचं, मासळी अजिबात नको. तेल-मिठानं गांडुळांची ओली त्वचा बाधते आणि ती श्वास त्वचेनंच घेतात. लिंबू-संत्र्याची सालं, कांदा, लसूणही टाळावेत.

ओल किती? मूठभर गादी पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. वास सुटला तर पाणी जास्त झालंय. कागदाचे कपटे मिसळून गादी हलक्या हातानं सैल करावी आणि चार दिवस खाणं बंद ठेवावं. उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट, पावसाळ्यात आडोसा. मुंग्यांसाठी क्रेटच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

दोनेक महिन्यांत खत चहापत्तीसारखं दिसू लागतं. तेव्हा पाणी थांबवून उजेडात ढीग करावा, गांडुळं खाली जातात आणि वरचं खत काढता येतं.

सवलतीसाठी पाहणीला येणाऱ्यांनी नुसता हौद न पाहता गादीत हात घालून गांडुळं जिवंत आहेत का, तेही पाहावं, ही विनंती.

– एक वाचक, पुणे